लग्नपत्रिकांच्या पाठीवरची भाषा

ये, अशी जवळ ये. म्हणजे तू तिकडं जर्मनीत आणि मी इथं सोलापुरात, जवळ कशी येणार म्हणा. पण हा कागद तरी डोळ्यांजवळ धर. फोनवर तू नेहमी नुसतं कपाळ दाखवतेस आणि एकीकडं भांडी घासत असतेस. तसं आता करू नकोस. बाळ झोपलं की मग वाच. आणि आधी शेवट बघून घ्यायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती आजच्या दिवस सोड.

रागावलेय मी तुझ्यावर, होय. थोडीशीच. गेल्या रविवारी तू म्हणालीस, "आई, तुला यायचंच नव्हतं. पाय सुजलेत म्हणालीस, आणि आत्या सांगते की पाय ठणठणीत होते." त्यावर मी गप्प बसले. मी, आणि गप्प! तिथंच तुला कळायला पाहिजे होतं की. जिन्यात कुणी भेटलं तरी अर्धा तास उभी राहणारी बाई मी.

पाय सुजले नव्हते. खोटं बोलले, कबूल. पण यायचं नव्हतं म्हणतेस, ते मात्र मी ऐकून घेणार नाही. फोनवर हे सांगता येत नाही, कारण फोन तुझ्या आण्णांच्या उशाशी असतो आणि त्यांना सगळं ऐकू येतं. म्हणून लिहिते. शुद्धलेखनाकडं बघू नकोस. कानडी जन्माची, मराठी लग्नाची आणि तेलुगू शेजारची, असं माझं शिक्षण. चौथी भाषा कुठली आणि ती कुठं गेली, तेच सांगायचंय.

आण्णांना झटका आला तेव्हा तू पंधरा दिवस येऊन गेलीस. तेवढं तू बघितलंस. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेलं. तू गेलीस त्यानंतरचं घर मात्र तुला माहीत नाही. दुसरा मजला, अरुंद जिना. त्यांना खाली न्यायचं तर चार माणसं लागतात आणि चार माणसं रोज कुठनं आणायची? ते कॉटवर, मी कॉटच्या आसपास. खालच्या गल्लीत मागांची खटखट सकाळपासून सुरू, तीच आमची करमणूक. पाणी चार दिवसांआड येतं, ते कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून त्या दिवशी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाकीच्या दिवशी टाकायचं नाही ते त्यांच्यामुळं. एक माणूस ठेवून बघितला, त्यांना उठवायला-बसवायला. त्याच्या हातून दोन दिवस घास घेतला नाही. तोंड असं घट्ट मिटलं, की त्या माणसानंच हात जोडले आणि गेला.

आणि हा माणूस कोण? बाजार समितीत उभा जन्म कांद्याचे लिलाव पुकारलेला. गोण्यांच्या राशीवर उभं राहून ओरडायला लागले की गेटाबाहेरचा चहावाला म्हणायचा, सौदे सुरू झाले. घरी आल्यावरही हळू बोलता यायचं नाही त्यांना. "मीठ कमी आहे" हे सुद्धा शेजारच्या तिन्ही घरांना कळायचं. त्या माणसाच्या तोंडातून आता नुसतं "अं… अं…" आणि डोळ्यांत पाणी.

बोलणं शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा यायची. तरणीताठी, पण पेशंटला दटावायची छान. ती म्हणाली, "मावशी, चित्रं दाखवा. नाव सांगा. त्यांना म्हणू दे. एकच शब्द शंभर वेळा सांगायची तयारी ठेवा." चित्रांची कार्डं विकत मिळतात म्हणाली. मी म्हटलं, मी आयुष्यभर उंबऱ्यात रांगोळी काढली, मला तांब्या काढता येणार नाही होय?

पुठ्ठा कुठला? तर लग्नपत्रिका. आपल्या लोखंडी कपाटाच्या वर ती पिशवी आठवते ना? पत्रिकेवर गणपती असतो म्हणून टाकवत नाही, आणि ठेवून करायचं काय हेही कुणाला माहीत नसतं. सगळ्या नात्यागोत्याची लग्नं त्या पिशवीत. एकेक काढली, गणपतीचं तोंड कापून देव्हाऱ्यात ठेवलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढत बसले. खिडकी, दार, तांब्या, भाकरी, दिवा, चप्पल, आई, बाळ. पत्रिका जाड असतात, छान रंग बसतो. भाकरी तर अशी काढली की आण्णांनी डाव्या हातानं ती तोंडाजवळ नेली. चेष्टा करत होते. बोलणं गेलं, चेष्टा नव्हती गेली.

दोन महिने रोज दाखवल्या. काही नाही. मग एके दिवशी खालून कांदेवाल्याची गाडी गेली, तो काहीतरी ओरडला, आणि कॉटवरून आवाज आला, "एक वार… दोन वार… तीन वार!" स्पष्ट. त्यांच्या जुन्या चालीत. माझ्या हातातली कढई तशीच राहिली. मी धावले, म्हटलं, "अहो, पुन्हा म्हणा." पुन्हा "अं… अं…" त्या बाईला सांगितलं तर ती म्हणाली, "असं होतं मावशी. सुरातलं वेगळ्या जागी असतं, ते लवकर परत येतं. तुम्ही त्यांना गाण्यातून शब्द द्या."

सुरातून शब्द! हे मला कुणी शिकवायला पाहिजे होतं का? मी लग्न होऊन आले तेव्हा मला मराठी म्हणजे 'पाणी' आणि 'नको' एवढंच येत होतं. तुझी आजी जात्यावर डाळ भरडायची आणि ओव्या म्हणायची. मी समोर बसून खुंटा ओढायची. ती म्हणायची तसं म्हणायचं. अर्थ नंतर कळायचा, शब्द आधी तोंडात बसायचा. वर्षभरात मी मराठीत भांडायला लागले. तेव्हा आता मीच ओव्या जोडायला लागले, खिडकीची ओवी, तांब्याची ओवी. जुन्या चाली आणि शब्द माझे.

इथंपर्यंत ठीक होतं. मग दिवाळीत तुझा फोन आला.

पहिलंच बाळंतपण, आणि तू तिकडं. आपल्याकडं लेक माहेरी येते. तुला सातव्या महिन्यानंतर विमानात बसू देईनात आणि नोकरीतून त्याआधी सोडेनात. मग माहेरानंच तिकडं जायचं असं ठरलं. माहेर म्हणजे मी. आत्या बार्शीहून येऊन तीन महिने राहणार, आण्णांना बघणार. पासपोर्ट झाला. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले, त्या दिवशी आत्या येऊन बसली होती. तू म्हणालीस, "आई, भाषा शिकायची काही गरज नाही, मी आहे की." तू आहेस गं. पण तू आत असशील आणि मी बाहेर बाकावर असेन, तेव्हा?

तुझ्या जन्माची गोष्ट तुला मी हसत हसत सांगितली आहे नेहमी. एक भाग राहिला. माझी आई अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, कानडीशिवाय अक्षर माहीत नाही. त्या दवाखान्यातली नर्स नेमकी दुसरीकडची, नवीन आलेली. आई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दारापाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. आत मी ओरडत होते आणि बाहेर ती विचारू शकत नव्हती, की माझी लेक कशी आहे. लोकांना विचारायला लाज वाटली तिला. नंतर मला म्हणाली, त्या दिवशी मला कळलं मुकं जनावर कसं उभं राहत असेल.

म्हणून मी ठरवलं, एक वाक्य तरी पक्कं घेऊन जायचं. 'वी गेट एस मायनर टोख्टर?' माझी लेक कशी आहे? एका वाक्यासाठी एक भाषा शिकायला लागले, हसू नकोस.

मोबाईलवर एक गोरी बाई हळूहळू शिकवते, प्रत्येक शब्दाला चित्र. पण वेळ कुठला? सकाळी त्यांचं अंग पुसणं, कपडे, खाणं, पुन्हा कपडे, पाठीला पावडर, व्यायाम, मग चित्रं. माझ्यासाठी वेगळा तास आणायचा कुठनं? आणि इथं मी ती चूक केली. त्यांच्याच पत्रिकांच्या मागं, जिथं वधू-वरांची नावं आणि मुहूर्त छापलेला असतो, त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि जर्मन शब्द लिहिले. मराठी अक्षरांत. पुढून चित्र त्यांना दाखवायचं, मागचं मी वाचायचं. दोघांचा अभ्यास एकदम. मला वाटलं, केवढी हुशार मी.

ओव्या पण तशाच झाल्या.

खिडकीला फेन्स्टर, दाराला म्हणू ट्यूर
लेक माझी नांदते गं, ढगाच्या पल्याड दूर.

भाकरीला ब्रोट म्हणू, दिव्याला म्हणू लिश्ट
माझ्या बाळंतिणीला गं, कुणाची न लागो दिष्ट.

चाल आजीची, जात्यावरची. भाकरी थापताना म्हणायचे, त्यांचे पाय चोळताना म्हणायचे. खालच्या मजल्यावरची तेलुगू शेजारीण एकदा वर येऊन विचारून गेली, "अक्का, हे कुठल्या देवाचं?"

आणि खरं सांगू? दोन शब्दांतला मराठी शब्द मी पटकन म्हणून टाकायचे, कारण तो मला येत होता. जर्मन शब्दावर थांबायचे, दोनदा म्हणायचे, मोठ्यानं म्हणायचे. ते समोर पडून माझ्या तोंडाकडं बघत असायचे. मला वाटायचं, मी त्यांना शिकवतेय. मी मलाच शिकवत होते गं, त्यांच्या तोंडासमोर.

तुझी गल्ली पण काढली होती मी. तू फोन हातात धरून घरापासून पावाच्या दुकानापर्यंत चालत गेलीस, आठवतं? ती मी चार वेळा बघितली आणि साडीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर उतरवली. स्टेशन, मग चर्चचा मनोरा, मग दुकान, दुकानासमोर कायम उभी असलेली लाल सायकल, मग तुझ्या दाराच्या तीन पायऱ्या. तो पुठ्ठा कॉटशेजारी भिंतीला लावला. दुपारी त्यावर बोट फिरवत चालत यायची तुझ्याकडं. स्टेशनावर उतरायची, सायकलीपाशी वळायची. इकडं दार बंद, ऊन असं की भिंतीला हात लावला तर पोळतोय, आणि मी त्या गल्लीत थंडीत चालतेय. तेवढी तीन-चार मिनिटं मी घराबाहेर असायची. मग आण्णाही डावं बोट उचलून दाखवायला लागले, की मला पण ने. त्यांचं बोट धरून न्यायची. पायऱ्यांपर्यंत आलं की ते थांबायचे आणि माझ्याकडं बघायचे. तेव्हा मला वाटायचं, कौतुक आहे त्यांच्या डोळ्यांत.

मेअखेरीस आत्या आली. ज्वारी, शेंगांची चटणी आणि स्वतःची उशी घेऊन. बारा दिवसांवर विमान. आल्या आल्या म्हणाली, "जा गं तू बिनघोर. मी हाय की हितं. माजाच भाऊ हाय, खाती का काय त्याला?" मी म्हटलं, "वन्सं, त्यांना ऊन सोसत नाही, खिडकी थोडी उघडी लागते." ती म्हणाली, "आगं ल्हानपणी मीच कडंवर घिऊन फिरलीय त्याला. मला काय सांगतीस?"

आठ दिवस मी तिला सगळं दाखवलं. मग म्हटलं, एकदा रंगीत तालीम करू. मी सकाळी खाली शेजारणीकडं जाऊन बसते, संध्याकाळपर्यंत वर येत नाही, मी विमानात आहे असंच समजायचं. शेजारणीनं मला चहा दिला, मी तिच्या खुर्चीत बसून पिशवीतली वही काढली आणि 'वी गेट एस' घोकत बसले. बसवत नव्हतं. दहा पावलांवर माझं घर, आणि वाटत होतं जणू पळून आलेय.

दुपारी वरून आत्याची हाक. हाक कसली, किंकाळी. "आगं ये गं वर! ह्येला कायतरी झालंय! लागीर झालंय गं!"

दोन-दोन पायऱ्या चढले. आत्या दारात उभी, पदर तोंडाला. आत आण्णा लालभडक, मानेवरून घाम ओघळतोय, आणि डाव्या हातानं कॉटची पट्टी बडवत मोठ्यानं, अगदी लिलावाच्या आवाजात ओरडतायत, "फेन्स्टर! फेन्स्टर! फेन्स्टर!"

आत्यानं झळ लागते म्हणून खिडकी लावून घेतली होती.

मी जाऊन खिडकी उघडली. वारा नव्हताच, पण मागांची खटखट आत आली आणि ते शांत झाले. डोळे मिटून म्हणाले, "फेन्स्टर." हळू. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलले असतील.

आत्या म्हणाली, "काय म्हनतोय? कुटल्या भाषेत बोलतोय? आमच्या घराण्यात असं कुणी न्हाय बोललं कदी."

मी तिथंच फरशीवर बसले. वर्षानं माणूस अर्थाचं काही बोलला गं. हसावं की रडावं? सगळ्या सोलापुरात त्यांचं बोलणं कळणारं माणूस एकच, आणि ते माणूस चार दिवसांनी विमानात बसणार. मी जायची तयारी म्हणून जे जे केलं, त्यातनंच कुलूप झालं.

बोलणं शिकवणाऱ्या बाईला फोन केला. ती उलट खूश. "मावशी, शब्द आला ना? मग कुठलाही असू दे. मराठी पण येईल मागोमाग. वेळ लागेल." तिनं चूक असं एकदाही म्हटलं नाही. मीच म्हणतेय.

आत्याला वाईट म्हणू नकोस हं तू. तिनं किती धडपड केली! म्हणाली, "चार शबुद हायत न्हवं? शिकव मला. तू शिकलीस, मला काय आकल न्हाय व्हय?" संध्याकाळी भाकरी घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. "बरोट? बरोट पायजे का रं बाबा?" आण्णांनी मान हलवली. तिनं लिश्टचं पण काहीतरी करून म्हटलं आणि दिवा लावून दाखवला. ते हसले. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बग, जमतंय की. जा तू."

खरंच जमलं असतं. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. आत्यानं निभावलं असतं. म्हणून मी बॅग काढलीच.

निघायच्या आदल्या दिवशीची सकाळ. बॅग उघडून त्यांच्या कॉटसमोरच भरत होते, कारण दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, तुझ्या आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी, चटणीची बरणी तीन पिशव्यांत बांधून. ते बघत होते. मी स्वेटर घडी करून ठेवला आणि चेन ओढायला वाकले.

तेवढ्यात मागून, चालीवर, अडखळत: "फेन्स्टर… ट्यूर…"

मी वळले. ते माझ्याकडं बघत नव्हते. बॅगेकडं बघत होते. "ब्रोट… लिश्ट… मुटर…" मुटर म्हणजे आई. एकेक शब्द ओठ वाकडे करून, घाम येईपर्यंत जोर लावून. शाळेत मास्तरांनी उभं केलं की पोरं पाठांतर म्हणतात, चुकलं तर घरी पाठवतील अशा भीतीनं, तसं. सगळे म्हणून झाले. मग पुन्हा पहिल्यापासून. "फेन्स्टर… ट्यूर…" मधेच एक शब्द अडला तर त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर चापट मारली.

तेव्हा मला कळलं. ह्या माणसाला वाटत होतं, आपल्याला बोलता येत नाही म्हणून ही चालली. रोज समोर बसून एवढं शिकवते, आपल्याला जमत नाही, कंटाळली, आणि म्हणून त्या भिंतीवरच्या गल्लीत निघून चालली. त्या पायऱ्यांपाशी माझ्याकडं बघायचे ते कौतुक नव्हतं. ते विचारत होते. आणि आता त्यांना येत होतं ते सगळं त्यांनी माझ्यापुढं मांडलं, बघ, आलं मला, आता राहशील का?

आत्या म्हणाली, "आगं नुसतं बडबडतोय त्यो. तू चेन लाव."

मी लाडवांचा डबा बाहेर काढला. मग दुपटी. मग सगळंच.

आत्या पुष्कळ बोलली मला. "लेकीचं पयलं बाळातपन! लोक काय म्हनतील? त्ये पोर काय म्हनल?" मी म्हटलं, "वन्सं, तिला सांगू नका हे. तिला वाटेल आण्णांनी अडवलं. बापाचा राग घेऊन कळा देऊ नयेत." आणि तुला फोन केला, पाय सुजलेत, डॉक्टर विमान नको म्हणतात. तू नुसतं म्हणालीस, "बरं." त्या 'बरं'चा आवाज अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. ज्या वेळेला विमान उडणार होतं त्या वेळेला मी पिंप भरत होते. आत्या बाहेर व्हरांड्यात शेंगा फोडत बसली होती, माझ्याशी अबोला धरून. पासपोर्टात तो व्हिसाचा चकचकीत कागद आहे, तुमच्या सरकारचा. कधीतरी काढून बघते. त्यावरच्या तारखा उलटून गेल्यात, फोटोत मी मात्र जायला निघाल्यासारखी बसलेय, केस चोपून.

आता एक गोष्ट, जी जावईबापूंनी तुला सांगितली नसेल. बाळ झालं त्या दिवशी तू गुंगीत होतीस. त्यांनी व्हिडिओ लावला, बोलता बोलता फोन असा फिरला की मागं एक नर्स दिसली, जाडजूड, निळ्या कपड्यांतली. मी ओरडले, "ओ बाई! वी गेट एस मायनर टोख्टर?" जावईबापू दचकले. ती बाई थांबली, फोनजवळ आली, आणि जे काही धाडधाड बोलायला लागली! मला त्यातलं 'गूट', म्हणजे चांगलं, एवढंच कळलं. बाकी डोक्यावरून. पण तिनं मला उत्तर दिलं. हात हलवून, माझ्या डोळ्यांत बघून दिलं. मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी होते आणि मला माझ्या आईचा तो तांब्या दिसत होता.

आणि बाळ दाखवलंत तेव्हा आण्णा म्हणाले ना, "एक वार, दोन वार, तीन वार!" तुला वाटलं असेल, असंच काहीतरी बरळतायत. अगं, तीन वार म्हटल्यावर माल पक्का होतो. त्यांनी आपल्या नातीला पक्कं करून टाकलं.

असं सगळं छान छान लिहून तुला फसवणार नाही. मला राग येतो त्यांचा. कधीकधी इतका येतो की मी ओट्याकडं तोंड करून उभी राहते आणि वळत नाही. मी आता पत्रिकांच्या मागचे कागद सोलून काढलेत, खालचे मुहूर्त पुन्हा दिसायला लागलेत; ओव्या पण नुसत्या मराठीत म्हणते. तांब्या आला, चप्पल आली, आठ-दहा शब्द आलेत. पण खिडकी काही येत नाही. खिडकीला अजून फेन्स्टरच. मी म्हणते, "अहो, खि-ड-की." ते मान हलवतात, जीभ वळवतात, आणि म्हणतात, "फेन्स्टर." मला ती पत्रिका फाडून टाकावीशी वाटते. मग उठून खिडकी उघडते. न उघडून सांगणार कुणाला?

तो गल्लीचा पुठ्ठा मी काढून कपाटामागं ठेवला होता. त्यांनीच खूण करून परत लावायला लावला. आता दुपारी आम्ही उलटं चालतो, तुझ्या पायऱ्यांपासून निघून, सायकल, दुकान, चर्च, स्टेशन. तिथं पुठ्ठा संपतो. त्यापुढचं कसं यायचं ते तुला माहीत आहे.

तेव्हा आता रुसवा पुरे. सुट्टी कधी मिळते ते बघ आणि पोरीला घेऊन ये. सामान आणू नकोस, नुसतं तिचं दुधाचं काय ते आण. दुपटी तशीच ठेवलीत डांबराच्या गोळ्या घालून, ती मोठी व्हायच्या आत लागू दे अंगाला. लाडू मात्र आम्ही खाल्ले, नवे करते. उन्हाळ्यात येऊ नकोस, पोरीला सोसायचं नाही. आणि पाण्याच्या दिवशी येऊ नकोस, मला जिन्यात उतरून तुला घ्यायला येता येणार नाही. नाहीतर असं कर, पाण्याच्या दिवशी पण ये. उन्हात पण ये. पण लवकर ये गं.